उन्हात ज्वारी जोम धरते, भात का मागे पडतो? : पानातील जनुकांच्या नियमनाची ओळख



गेल्या खरिपात भातपट्ट्यातील एका गावी शिवार फेरीसाठी जाण्याचा योग आला. फेरी संपल्यावर एका शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला छापील कागद काढून दाखविला. "सर, उसाचे गुण असलेला सी-४ भात निघाला म्हणतात. कमी पाण्यात, कमी खतात दीडपट येतो असे यात लिहिले आहे. बियाणे मात्र दुपटीहून महाग आहे. घ्यावे का?" असा त्यांचा प्रश्न होता.

"घेऊ नका," हे उत्तर एका शब्दात देता आले. मात्र "का घेऊ नये?" हे बांधावर उभे राहून सांगण्यास वेळ अपुरा पडला. तो कागद खोटा होता, पण ज्या संशोधनाचे नाव त्यात घेतले होते ते खरे आहे. अर्धे सत्य हे निव्वळ असत्यापेक्षा अधिक फसवते. म्हणून ऊस, ज्वारी, मका ही पिके भात-गव्हापेक्षा वेगळी कशी, हा वेगळेपणा निसर्गात कसा आला आणि तो भातात आणणे अवघड का आहे, याची माहिती या लेखात दिली आहे. तिचा तण नियंत्रण आणि पीक नियोजनाशीही जवळचा संबंध आहे.

पानातील कारखाना आणि त्यातील गळती

हिरवे पान हवेतील कर्बवायू पर्णरंध्रांतून आत घेते आणि सूर्यप्रकाशाच्या मदतीने त्यापासून साखर तयार करते, हे आपणास माहीत आहे. हा कर्बवायू पकडण्याचे काम रुबिस्को नावाचे विकर (एन्झाइम) करते. जगातील बहुतेक सर्व अन्न याच विकराच्या हातून तयार होते. परंतु त्यात दोन दोष आहेत.

पहिला दोष म्हणजे ते फार संथ आहे. त्याचा एक रेणू सेकंदाला जेमतेम तीन-चार वेळा काम करतो. त्यामुळे पिकाला ते मोठ्या प्रमाणात तयार करावे लागते आणि पानातील नत्राचा बराच मोठा वाटा त्यातच गुंततो.

दुसरा दोष अधिक नुकसानीचा आहे. रुबिस्कोला कर्बवायू आणि प्राणवायू यांतील फरक नीट ओळखता येत नाही. कर्बवायूऐवजी ते प्राणवायू पकडते तेव्हा निरुपयोगी पदार्थ तयार होतो. तो पुन्हा वापरात आणण्यासाठी पिकाला ऊर्जा खर्च करावी लागते आणि आधी पकडलेला काही कर्बवायू सोडून द्यावा लागतो. या गळतीला प्रकाशश्वसन म्हणतात. तापमान वाढले की ही चूक वाढते. पाण्याच्या ताणामुळे पर्णरंध्रे मिटली की पानातील कर्बवायू कमी होतो आणि ती आणखी वाढते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात अशा पिकांनी पकडलेल्या कर्बापैकी सुमारे पाव हिस्सा या मार्गाने वाया जातो. त्याहून अधिक उष्णतेत नुकसान आणखी वाढते.

भात, गहू, सोयाबीन, तूर, हरभरा, भुईमूग, कापूस, सूर्यफूल, कांदा ही सर्व पिके या गटातील आहेत. त्यांच्यात तयार होणारा पहिला पदार्थ तीन कर्बांचा असतो, म्हणून त्यांना सी-३ पिके म्हणतात.

ज्वारी आणि उसाची व्यवस्था

ज्वारी, ऊस, मका, बाजरी, नाचणी, वरई आणि राळा यांनी या गळतीवर मार्ग काढलेला आहे. ज्वारीच्या पानाचा आडवा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास प्रत्येक शिरेभोवती गडद हिरव्या, मोठ्या पेशींचे कडे दिसते. त्याच्या बाहेर दुसऱ्या पेशींचे वेढे असतात. जर्मन भाषेत हाराला क्रान्झ म्हणतात, त्यावरून या रचनेस क्रान्झ रचना असे नाव पडले. भाताच्या पानातही शिरेभोवती पेशींचे कडे असते, पण त्यात हरितद्रव्य फार थोडे असते.

ज्वारीच्या पानात कामाची वाटणी झालेली आहे. बाहेरच्या पेशींत पेप कार्बोक्झिलेज नावाचे वेगळे विकर कर्ब पकडते. आपण सोयीसाठी त्यास पेप विकर म्हणू. ते चपळ आहे आणि प्राणवायूला फसत नाही. त्यातून चार कर्बांचा पदार्थ तयार होतो, म्हणून ही सी-४ पिके. हा पदार्थ आतील कड्यात नेला जातो आणि तेथे त्यातून कर्बवायू सोडला जातो. रुबिस्को याच आतल्या कड्यात असते. तेथे कर्बवायू हवेपेक्षा सुमारे दहापट दाट होतो, त्यामुळे प्राणवायू पकडण्याची चूक जवळजवळ थांबते.

ही व्यवस्था म्हणजे एक प्रकारची उपसा सिंचन योजना आहे. विहिरीतील पाणी उपसून टाकीत साठविले की पुढचे काम सोपे होते, पण त्यासाठी विजेचा खर्च येतो. त्याचप्रमाणे सी-४ पिकाला कर्ब आत ढकलण्यासाठी जादा ऊर्जा लागते. भरपूर ऊन आणि उष्णता असेल तेथे हा खर्च परवडतो. थंडीत किंवा सावलीत तो परवडत नाही.

या मार्गाचा शोध उसाच्या संशोधनातून लागला. १९६५ साली हवाई बेटांवरील कोर्टशाक, हार्ट आणि बर या शास्त्रज्ञांनी किरणोत्सारी कर्ब वापरून उसाच्या पानात प्रथम चार कर्बांचे पदार्थ तयार होतात असे दाखविले. १९६६ पासून ऑस्ट्रेलियातील हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग उलगडला.

नवी जनुके की जुन्या जनुकांचे नवे नियमन?

सी-४ पद्धत वनस्पतींच्या इतिहासात एकदाच निर्माण झाली आणि पुढे पसरली असे झालेले नाही. गवतांत, लव्हाळ्याच्या कुळात, माठाच्या कुळात, घोळीत अशी ती साठहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाली आहे. सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी हवेतील कर्बवायू बराच घटला. उष्ण व उघड्या जागेतील वनस्पतींना प्रकाशश्वसनाची गळती फार जाणवू लागली आणि ही पद्धत टिकून राहण्यास अनुकूल परिस्थिती तयार झाली.

येथे एक प्रश्न पडतो. इतकी गुंतागुंतीची व्यवस्था साठ वेळा कशी तयार होऊ शकते? प्रत्येक वेळी सर्व जनुके नव्याने घडावी लागली असती तर हे अशक्यप्राय होते. उत्तर असे की ही जनुके आधीपासूनच होती. पेप विकराचे जनुक भात, गहू, सोयाबीन या सर्वांत आहे. तेथे ते मुळांत, बियांत व पर्णरंध्रांच्या पेशींत किरकोळ कामे करते. चार कर्बांच्या पदार्थातून कर्बवायू सोडणारी विकरेही सी-३ वनस्पतींत आहेत. २००२ साली हिबर्ड आणि क्विक यांनी तंबाखूच्या खोडातील व देठातील शिरांभोवतीच्या पेशींत ही विकरे चांगली कार्यरत असल्याचे दाखविले. तंबाखू तर सी-३ वनस्पती आहे.

मग बदलले काय? बदलले ते जनुकांचे नियमन. पाटाने भिजविण्याचे उदाहरण घेऊ. पाट एकच असतो आणि तो सर्व वाफ्यांजवळून जातो. कोणत्या वाफ्याचे दार केव्हा फोडायचे आणि केव्हा बांधायचे हे दारे धरणारा ठरवतो. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत जनुकांचा संपूर्ण संच असतो, तरीही मुळाची पेशी मुळाचे आणि पानाची पेशी पानाचेच काम करते. याचे कारण प्रत्येक जनुकाच्या आसपास नियमन करणारा भाग असतो. तो म्हणजे त्या जनुकाचे दार. विशिष्ट नियामक प्रथिने तेथे येऊन बसली की दार उघडते आणि जनुक कामाला लागते. ही प्रथिने म्हणजे दारे धरणारी माणसे.

सी-४ पद्धत घडताना मुख्यतः ही दारे बदलली. पेप विकराचे दार बाहेरच्या पेशींत मोठे उघडले गेले. रुबिस्कोचे दार बाहेर बंद झाले आणि आतील कड्यात उघडले. काही विकरांच्या घडणीतही थोडे बदल झाले, परंतु मोठे काम नियमनाने केले. हे कोणी ठरवून केले नाही. जनुकांत आपोआप लहान बदल होत असतात. त्यांतील जे बदल उन्हात तगण्यास उपयोगी पडले, ते धारण करणाऱ्या झाडांचे बी अधिक पसरले.

हा प्रवास टप्प्याटप्प्याने झाला याचा पुरावा आपल्या बांधावरच आहे. गाजर गवत हे पूर्ण सी-३ नाही आणि पूर्ण सी-४ही नाही. प्रकाशश्वसनात सुटणारा कर्बवायू त्याच्या पानात शिरेभोवतीच्या पेशींत मोकळा होतो आणि बराचसा तेथेच पुन्हा पकडला जातो. अशा मधल्या पायरीवरील वनस्पती या उत्क्रांतीची वाट दाखवितात.

दाराची जागा कशी सापडली?

सूर्यफुलाच्या कुळात फ्लेव्हेरिया नावाची वनस्पती आहे. तिच्या काही जाती सी-३, काही सी-४ आणि काही मधल्या आहेत. तिची एक सी-४ जात आपल्या देशातही तण म्हणून आढळते. जर्मनीतील गोविक, वेस्टहॉफ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सी-३ व सी-४ जातींतील पेप विकराच्या जनुकांची तुलना केली. विकर केवळ बाहेरच्या पेशींतच तयार व्हावे हा हुकूम जनुकाच्या नियामक भागातील अवघ्या ४१ अक्षरांच्या तुकड्यात असल्याचे त्यांना आढळले. जनुकांची भाषा चार रासायनिक अक्षरांची असते. या तुकड्यात सी-४ जातीत चार अक्षरे जादा आली होती आणि एक अक्षर बदलले होते. एवढ्याशा फरकाने दाराची जागा बदलली.

आतील कड्याचे कोडे मात्र बराच काळ पुरते सुटले नव्हते. २०२४ साली अमेरिकेतील साल्क संस्था आणि केंब्रिज विद्यापीठ येथील शास्त्रज्ञांचे संशोधन 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांनी आपल्या परिचयाची दोन पिके निवडली, भात आणि ज्वारी. अंधारात वाढविलेली रोपे उजेडात आणून, पान हिरवे होत असताना प्रत्येक प्रकारच्या पेशीत कोणती जनुके जागी होतात आणि त्यांचे कोणते नियामक भाग उघडे असतात हे त्यांनी तपासले.

त्यातून महत्त्वाची गोष्ट पुढे आली. शिरेभोवतीच्या कड्यातील जनुकांची दारे धरण्याचे काम 'डॉफ' गटातील नियामक प्रथिने करतात आणि ती भातातही आहेत, ज्वारीतही आहेत. म्हणजे दारे धरणारा दोन्हीकडे तोच आहे. फरक असा की ज्वारीत प्रकाशसंश्लेषणाच्या काही जनुकांजवळ या प्रथिनांना बसण्याची खूण तयार झाली आहे. त्यामुळे ती जनुके आतील कड्यात उघडतात. भातात त्या जनुकांजवळ ही खूण नाही, म्हणून त्याच्या कड्यातील पेशी अन्न तयार करण्याऐवजी मुख्यतः पाणी व अन्नद्रव्यांची ने-आण करतात. ज्वारीने नवा माणूस ठेवला नाही, जुन्याच माणसाच्या हाती नवी दारे दिली.

मग सी-४ भात अजून का नाही?

सर्व साहित्य भातात आहे, मग जोडणी का होत नाही, असे आपणास वाटेल. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००८ पासून अनेक देशांचे शास्त्रज्ञ यावर काम करीत आहेत. पण हे एका दाराचे काम नाही. अनेक जनुके योग्य पेशीत, योग्य वेळी आणि योग्य प्रमाणात उघडावी लागतात. त्याशिवाय पानाची रचनाही बदलावी लागते. ज्वारी-मक्यात दोन शिरांमध्ये बाहेरच्या पेशी साधारण दोनच असतात, भातात त्या कितीतरी अधिक असतात. शिरा जवळ आल्याखेरीज ही देवघेव वेगाने होऊ शकत नाही.

२०१७ साली मक्यातील 'गोल्डन-२' गटातील एक नियामक जनुक भातात घालून शास्त्रज्ञांनी शिरेभोवतीच्या पेशींतील हरितलवकांची वाढ घडवून आणली. ही पहिली पायरी आहे, पूर्ण सी-४ भात नव्हे. असा कोणताही भात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालेला नाही.

येथे आणखी एक खुलासा आवश्यक आहे. २०२५ साली भारतीय कृषी संशोधन परिषदेने जनुक संपादनाने तयार केलेले डीआरआर धान १०० (कमला) आणि पुसा डीएसटी राईस १ हे दोन भात वाण जाहीर केले. पहिल्यात लोंबीतील दाण्यांशी आणि दुसऱ्यात क्षार व पाण्याच्या ताणाशी संबंधित जनुकात बदल केलेला आहे. हे वाणही सी-४ नाहीत. त्यांच्या बातमीचा आधार घेऊन कोणी सी-४ भाताचे बियाणे विकत असेल तर सावध राहावे.

आपल्या शेतात याचा उपयोग काय?

१) तणांची बाजू ओळखा : हरळी, लव्हाळा, घोळ, काटेमाठ आणि खरिपातील अनेक गवते सी-४ आहेत, तर सोयाबीन, तूर, भात, भुईमूग ही पिके सी-३ आहेत. पावसाची उघडीप पडून ऊन तापले की तणे पिकाच्या पुढे धावतात, त्याचे एक कारण हे आहे. म्हणून उघडिपीत तण नियंत्रण पुढे ढकलू नये. सोयाबीनचे पीक पहिले ३० ते ४५ दिवस तणमुक्त ठेवावे आणि वाफसा येताच कोळपणी उरकावी.

२) सावली हे हत्यार वापरा : सी-४ तणांना जादा ऊर्जा लागते, त्यामुळे सावलीत त्यांचा वरचष्मा राहत नाही. पिकाने रान लवकर झाकले की ती दबतात. सोयाबीनसाठी ४५ × ५ सें.मी. अंतर, उगवणशक्ती तपासलेले बियाणे आणि नांग्या वेळेवर भरणे या शिफारशींमागे हेही कारण आहे. विरळ पीक म्हणजे हरळीला मोकळे रान.

३) पाण्याचा हिशेब नीट समजून घ्या : एक किलो कोरडे वजन तयार करण्यास सी-४ पिकाला सी-३ पिकाच्या सुमारे निम्मे पाणी लागते. जमिनीत साठलेल्या ओलीवर रब्बी ज्वारी का तग धरते हे यावरून कळेल. मात्र ऊस सी-४ आहे म्हणून त्याला पाणी कमी लागते असा अर्थ काढू नये. तो वर्षभर किंवा अधिक काळ शेतात उभा राहतो आणि प्रचंड वजन तयार करतो, त्यामुळे त्याची एकूण पाण्याची गरज मोठीच राहते. हलक्या, कोरडवाहू रानात ज्वारी, बाजरी किंवा नाचणी सोडून दुसरे पीक घेण्यापूर्वी केवळ बाजारभाव न पाहता ओलीचाही विचार करावा.

४) सी-३ पिकांना त्यांचा हंगाम द्या : गहू, हरभरा ही थंडीची पिके आहेत. थंडीत प्रकाशश्वसनाची गळती कमी असते. बागायती गव्हाची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी. उशीर झाल्यास दाणे भरण्याचा काळ उष्णतेत सापडतो आणि उत्पादन घटते.

५) बदलत्या हवामानाबद्दल घाईने निष्कर्ष काढू नये : हवेतील कर्बवायूचे प्रमाण आता दहा लाख भागांत ४२० भागांहून अधिक झाले आहे. कर्बवायू वाढल्याने सी-३ पिकांची गळती थोडी कमी होते, पण वाढत्या तापमानाने ती पुन्हा वाढते. शिवाय फुलोऱ्यातील उष्णतेने भात वांझ राहतो, ते नुकसान वेगळेच. त्यामुळे वाण, पेरणीची वेळ आणि ओलावा टिकविणे यांवरच भर द्यावा.

६) बियाणे पारखून घ्या : बियाणे घेताना लेबल, वाणाचे नाव, लॉट नंबर आणि मुदत पाहावी, पक्की पावती घ्यावी. वाणाचे नाव ऐकलेले नसल्यास विद्यापीठात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. "प्रकाशसंश्लेषण दुप्पट करणारे" म्हणून विकली जाणारी औषधेही याच कसोटीवर तपासावीत. फवारणीने भाताचे पान ज्वारीचे होत नाही. जी व्यवस्था घडण्यास निसर्गाला लाखो वर्षे लागली, ती बाटलीतून मिळणार नाही.

शेवटी

सी-४ भात कधीतरी शक्य होईल, कारण त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य भाताच्या पानात आहे. दारे योग्य जागी उघडण्याची विद्या अजून पूर्ण हाती आलेली नाही. ती येईल तेव्हा असे वाण चाचण्यांतून आणि रीतसर शिफारशीतून आपल्यापर्यंत पोहोचेल, घडी घातलेल्या कागदातून नव्हे. तोपर्यंत आपली ज्वारी, बाजरी आणि नाचणी ही त्या विद्येची तयार, पिढ्यान्‌पिढ्या पारखलेली उदाहरणे आहेत. येत्या हंगामात ज्वारीचे एक आणि भाताचे एक पान उजेडाकडे धरून शेजारी-शेजारी पाहा. ज्वारीच्या शिरा किती जवळ-जवळ आहेत हे भिंगाने सहज दिसेल. उन्हात तिला जोम कोठून येतो, याचे निम्मे उत्तर त्या रेषांतच आहे.